हेडफोनवर ऐकू येणारा गायक स्पीकरवर नाहीसा होतो, हा दोष ऑडॅसिटीचा आहे का?

आपण विचारले आहे की, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपादित केलेले गाणे हेडफोनवर व्यवस्थित वाजते, मीटर दोन्ही बाजूंना सारखे हलते, पण तीच फाइल छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली की वाद्ये राहतात आणि गायक जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल करावे का. करू नये. सॉफ्टवेअर बिघडले असते तर ते गायक तेवढा निवडून गाळत बसले नसते. गायक मध्यभागी असतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये तो सारख्याच प्रमाणात असतो, आणि नेमका तोच जात असेल तर दोन चॅनेल कुठेतरी एकत्र येत आहेत व त्या हिशेबात बेरजेच्या जागी वजाबाकी होत आहे, हे निश्चित समजावे.

हा प्रश्न वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते, कारण सांगलीत ध्वनिमुद्रणाचे काम करताना ‘तुमची फाइलच खराब आहे’ हे वाक्य मी भर कार्यक्रमात, पालकांच्या देखत ऐकून घेतलेले आहे. एका नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी गणेशवंदना ध्वनिमुद्रित करून दिली होती. गायिका आणि पखवाज मध्यभागी, मिरजेत बनलेले दोन तानपुरे एक डावीकडे व एक उजवीकडे, हार्मोनियम किंचित डावीकडे आणि गायिकेच्या आवाजाला दोन्ही बाजूंना पसरणारी थोडी गुंज, अशी ती साधी मांडणी होती. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या अण्णांनी माझ्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून एक वायर थेट मिक्सरच्या एक्सएलआर इनपुटात, म्हणजे माइकसाठी असलेल्या तीन पिनांच्या जागेत, घातली आणि फेडर, म्हणजे आवाज वाढवण्याची पट्टी, वर केला. तानपुरे उत्तम वाजले. हार्मोनियमही ऐकू आले. गायिका मात्र विहिरीच्या तळातून गात असल्यासारखी, शब्द न कळता, नुसत्या गुंजेच्या रूपाने येत होती, आणि पखवाज तर नव्हताच. हात जोडून उभ्या राहिलेल्या मुलींना ठेकाच सापडेना. पहिली ओळ कधी सुरू झाली आणि कधी संपली हे त्यांना कळले नाही, आणि त्या तशाच एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

अण्णा म्हणाले, “सर, फाइलच खराब हाय तुमची. मोनो करून द्या की.” मी सगळा ट्रॅक मोनो करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एक करून, पुन्हा लावला, तेव्हा तानपुरेही गेले आणि स्पीकरमधून काहीच येईना. अण्णांच्या मते फाइल खराब असल्याचा हा पक्का पुरावा होता. माझ्या मते हा वायरविरुद्धचा पुरावा होता, आणि तो कसा हे मी त्या वेळीही सांगितले होते, परंतु मंडपात आवाज ज्याच्या हातात असतो त्याचेच ऐकले जाते, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

हेडफोनच्या जॅकवर तीन भाग असतात. टोकाला डावा चॅनेल, मधल्या कड्याला उजवा चॅनेल आणि मागच्या भागाला अर्थ, म्हणजे दोन्ही चॅनेलची सामाईक (ग्राउंड) तार. एक्सएलआरमध्येही तीनच पिना असतात, त्यामुळे तीनास तीन जोडून डाग दिला, म्हणजे सोल्डर केले, की वायर तयार झाली असे पुष्कळांना वाटते. पण एक्सएलआरच्या तीन पिनांचे काम वेगळे आहे. पहिली पिन अर्थ, दुसरीवर मूळ संकेत आणि तिसरीवर तोच संकेत उलटा करून पाठवलेला, अशी ती रचना आहे. मिक्सर दुसऱ्या पिनेतून तिसरी वजा करतो. लांब वायरीत वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखी बसते, त्यामुळे ती वजाबाकीत निघून जाते आणि मूळ संकेत दुप्पट होऊन उरतो; मायक्रोफोनसाठी ही युक्ती अप्रतिम आहे. त्याच पिनांवर डावा आणि उजवा चॅनेल आणून ठेवले, तर मिक्सर बिचारा डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखे असलेले सर्व काही, म्हणजे गायिका आणि पखवाज, त्याच्या लेखी वाटेत शिरलेली खरखरच ठरते. मोनो केल्यावर तर दोन्ही चॅनेल तंतोतंत एकच होतात, म्हणून वजाबाकीचे उत्तर शून्य येते.

मी ऑडॅसिटीत मूळ स्टीरिओ ट्रॅक परत आणला आणि ट्रॅकच्या डाव्या बाजूस असलेली पॅनची, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे नेण्याची, पट्टी पूर्ण डावीकडे सरकवली. उजवा चॅनेल बंद झाला, वजा करण्यासारखे काही उरले नाही, आणि गायिका पखवाजासह समोर येऊन उभी राहिली. मुलींचा नाच झाला. अण्णा शेजारच्या पालकांना म्हणाले, “बघा, सरांनी फाइल सुधारली.” त्यानंतर ते जेथे भेटतील तेथे हा किस्सा याच शेवटासह सांगतात, आणि ती वायर अजून त्यांच्या पेटीत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरमध्ये अशी वायर नसते. तो बहुधा दोन्ही चॅनेलची सरळ बेरीज करून एकच आवाज काढतो. बेरजेत गायक जात असेल, तर आपल्या फाइलमध्येच त्याचा एक चॅनेल उलटा आहे. ट्रॅक पडद्यावर झूम करून, जेथे फक्त गायक आहे अशा जागी पाहावे. वरच्या पट्टीत तरंग वर जाताना खालच्या पट्टीत तोच तरंग खाली जात असेल तर निदान पक्के झाले. हे बहुतेकदा ध्वनिमुद्रणाच्या वेळीच घडते, आणि कारण पुन्हा तीच वायर, फक्त उलट्या दिशेने वापरलेली: मिक्सरचे बॅलन्स्ड (मूळ व उलटा असे दोन्ही संकेत देणारे) आउटपुट तीन भागांच्या जॅकने रेकॉर्डरच्या स्टीरिओ इनपुटात दिले की डाव्यात मूळ संकेत जातो आणि उजव्यात उलटा. आपण हे ध्वनिमुद्रण कोणाच्या मिक्सरवरून घेतले ते लिहिलेले नाही, पण तेथे अण्णांचे कोणी भाऊबंद असणार याची मला खात्री वाटते.

उपाय सोपा आहे. ट्रॅकच्या नावाजवळील मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ ट्रॅक’ करावे, दोहोंपैकी एक निवडून इफेक्ट मेनूतील ‘इन्व्हर्ट’ लावावे आणि ‘मेक स्टीरिओ ट्रॅक’ने दोन्ही पुन्हा जोडावेत. वाद्ये नंतर वेगळ्या ट्रॅकवर घातली असतील तर हे फक्त गायकाच्या ट्रॅकवर करावे, अन्यथा गायक परत येईल आणि मध्यभागची वाद्ये जातील. एकच माइक असेल तर याहून सोपे म्हणजे ‘स्प्लिट स्टीरिओ टु मोनो’ करून एक भाग सरळ पुसून टाकावा. ऑडॅसिटी मोनो ट्रॅक दोन्ही कानांत सारखाच वाजवते. एका माइकचे ध्वनिमुद्रण स्टीरिओत घेण्याची हौस मला मुळातच अनाकलनीय वाटते.

गायकासमोर दोन माइक अंतरावर ठेवले असतील तर मात्र इन्व्हर्टने काम भागणार नाही. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटीमीटर जातो. तेवढ्या फरकाने आवाज दोन माइकवर पोहोचला, तर बेरजेत 500 हर्ट्झच्या आसपासचा भाग आणि त्यावरचे ठरावीक भाग कापले जातात व आवाज पोकळ होतो, पूर्ण नाहीसा होत नाही. तेथे एकच माइक ठेवावा. आणखी एक सांगायचे राहिले: हेडफोनवरसुद्धा गायक गायब असेल तर फाइलला हात लावण्यापूर्वी जॅक पूर्ण आत गेला आहे का ते पाहावे, कारण अर्थ सुटला तर हेडफोनमध्येही हीच वजाबाकी होते.

कार्यक्रमात फाइल वाजवायची असेल तर ध्वनिव्यवस्थेवर विसंबू नये. लॅपटॉपच्या जॅकमधून दोन वेगळी टोके निघणारी वायर स्वतःची न्यावी, डावे टोक एका चॅनेलला आणि उजवे दुसऱ्या चॅनेलला लावायला सांगावे, आणि वायर लांब असेल तर डी-आय बॉक्स, म्हणजे साधा संकेत बॅलन्स्ड करून देणारी डबी, मागून घ्यावा. तरीही कोणी फाइल खराब असल्याचे म्हणाले, तर वाद घालत बसू नये. पॅन पूर्ण डावीकडे न्यावा आणि गायक परत आल्याबरोबर, पालक पांगण्यापूर्वी, वायरीचा जॅक उघडून आतले डाग सर्वांना दाखवावेत. मी ते त्या संध्याकाळी केले असते, पण अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर दिला नाही.