‘शोले’ला एकच ‘ब्लॅक लेडी’ कशी?

गेल्या अंकात याच पानावर मी विचारलं होतं की कोणता पुरस्कार भलत्याच चित्रपटाला गेला असं तुम्हाला वाटतं. पत्रं इतकी आली की संपादकांना एक पान वाढवून द्यावं लागलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी समीक्षक नाही. माझी सगळी नोकरी चित्रपट संकलकांच्या (एडिटरांच्या) हाताखाली गेली. हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात फिल्मच्या पट्ट्या आणि दिवसभर अंधारी खोली. त्या टेबलावर बसून जे दिसलं तेच लिहिते. एकांगी वाटलं तर वाटू दे.

‘शोले’ला फिल्मफेअरचा फक्त संकलनाचा पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘दीवार’! हा उघड अन्याय नाही का?
— एक वाचक, मिरज

‘फक्त’ संकलनाचा? बरं झालं तुम्ही समोर नव्हता.

आधी ‘दीवार’चं बोलू. दोन्ही चित्रपट 1975 चे, दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले. ‘दीवार’ला कथा, पटकथा, संवाद असं सगळं मिळालं, आणि ते बरोबरच होतं. त्या चित्रपटात एक प्रसंग काढा, पुढचे तीन कोसळतात. ‘शोले’तून सूरमा भोपाली हे विनोदी पात्र काढलं तर करमणूक कमी होते, गोष्ट मात्र जागची हलत नाही. गोष्ट म्हणून ‘दीवार’ वरचढ आहे, हे मिरजेत पटणार नाही, पण आहे.

आता संकलन. एम. एस. शिंदे यांच्या टेबलावर सुमारे तीन लाख फूट फिल्म आली होती असं सांगतात. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. म्हणजे सव्वातीन तासांच्या चित्रपटात बसणार जेमतेम अठरा हजार फूट. बाकीचं डब्यात. त्यातून ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग बघा. झोपाळ्याची करकर, एकेक माणूस पडतो, शेवटी लहान पोरासमोर गब्बर बंदूक घेऊन उभा. पोराला गोळी लागताना आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या क्षणी ठाकूर आगगाडीतून उतरतोय. तो कट टेबलावर सुचतो आणि प्रेक्षकाला कळूही न देता त्याच्या छातीत बसतो. शिवाय आणीबाणीचे दिवस. ठाकूर गब्बरला मारतो हा मूळ शेवट सेन्सॉरनं चालू दिला नाही, पोलीस येऊन थांबवतात असा नवा शेवट जोडावा लागला. मुळात एका दिशेला चाललेली मारामारी ऐन वेळी दुसरीकडे वळवायची, आणि 15 ऑगस्टला प्रिंट थिएटरात हवी! फिल्मफेअरच्या त्या एका बाहुलीवर, ‘ब्लॅक लेडी’वर, ज्याचं नाव होतं, त्याचाच हक्क होता.

माझी तक्रार आहे ती सहायक अभिनेत्याच्या पुरस्काराची. तो ‘दीवार’साठी शशी कपूर यांना मिळाला. चांगलं काम, वाद नाही. पण त्याच वर्षी अमजद खान गब्बर झाले होते हो!

‘बाहुबली’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ देऊन राष्ट्रीय पुरस्कारांनी स्वतःची पत घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं?
— प्राध्यापक, नागपूर

पत गेली असं मी म्हणणार नाही, पण माझं मत त्याला पडलं नसतं. 2015 च्या चित्रपटांचे ते 63 वे पुरस्कार. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोण होते, आठवतंय? रमेश सिप्पी. ‘शोले’चे दिग्दर्शक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर हुकल्यावर चाळीस वर्षांनी त्यांच्या मंडळानं एका भव्य, टाळ्याखाऊ चित्रपटाला देशातला सर्वोच्च मान दिला. यात कुणी सूड शोधू नये, पण मला गंमत वाटली खरी.

‘बाहुबली’ला विशेष दृश्य परिणामांचा पुरस्कारही मिळाला आणि तो पूर्णपणे त्याचाच होता. थांबायला हवं होतं ते तिथंच. सुवर्णकमळ मी वेट्रीमारन यांच्या ‘विसारणै’ला दिलं असतं. परमुलखात मजुरी करणारी तमिळ पोरं, पोलीस ठाण्यातली मारहाण, न केलेल्या चोरीची कबुली. दुसऱ्यांदा बघायला मला धीर गोळा करावा लागला. त्या वर्षीचा संकलनाचा पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला, किशोर टी. ई. यांना, मरणोत्तर. ऐन तिशीत, चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच ते गेले. ‘आडुकळम’साठी हा मान त्यांना आधीही मिळाला होता. तुमच्या दोन पानी पत्रात ‘विसारणै’चा उल्लेख नाही, प्राध्यापक. आधी तो बघा, मग ‘बाहुबली’वर रागवा. राग जास्त चांगला येईल.

मिळालेला पुरस्कार दुसऱ्यावर अन्याय झाला म्हणून कुणी नाकारलाय का?
— एक वाचक, वास्को

प्राण यांनी. ‘बेईमान’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर जाहीर झाला होता. त्याच चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना संगीताचा मिळाला आणि ‘पाकीजा’चे गुलाम मोहम्मद राहिले. ‘पाकीजा’ 1972 साली लागला तेव्हा गुलाम मोहम्मद यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या वतीनं भांडायला कुणी नव्हतं, म्हणून प्राण यांनी स्वतःचा पुरस्कार घेतला नाही. आणि हा माणूस पडद्यावर वर्षानुवर्षं खलनायक!

‘कोर्ट’ मी दोनदा बघायला बसले, दोन्ही वेळा झोप लागली. कॅमेरा हलत नाही, गाणं नाही, माणसं नुसती बोलतात. सुवर्णकमळ कशाबद्दल?
— गृहिणी, सातारा

झोपेची लाज वाटून घेऊ नका. त्यातले न्यायाधीशही शेवटी बागेतल्या बाकावर झोपतात.

त्याच शेवटाबद्दल सांगते. कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा होतो. नेहमीच्या हिशेबानं चित्रपट इथं संपला. माझ्या हाताला तर तिथं कात्री लावायची सवयच होती. चैतन्य ताम्हाणे तिथं थांबत नाहीत. ते आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला नेतात. तिथं साहेब डुलकी काढतात, पोरं ओरडून त्यांना उठवतात, आणि साहेब एका पोराला थोबाडीत देतात. मग पुन्हा झोप. खटल्यात अडकलेल्या लोकशाहिराला ज्यानं इतके महिने तारखा दिल्या, तो माणूस घरचे कपडे घातल्यावर कसा आहे ते कळलं. दुरून, न हलता बघत राहिलं म्हणूनच कळलं. जवळचे क्लोज-अप घेतले असते तर कुणाचा राग करायचा हे दिग्दर्शकानंच आपल्याला सांगून टाकलं असतं.

सुवर्णकमळाआधी, 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ या नव्या धाटणीच्या चित्रपटांच्या विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच ठरला होता. तरी तिसऱ्यांदा बघाच असा आग्रह नाही. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कोर्टातून लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तेवढा भाग बघा. तो तुम्हाला झोपू देणार नाही.

‘सैराट’ 2016 चा. मग रिंकू राजगुरूचं नाव 2015 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत कसं?
— बारावीतला विद्यार्थी, बार्शी

इथं वर्ष धरतात ते सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं, थिएटरात लागल्याचं नव्हे. पुरस्कार मार्चअखेरीस जाहीर झाले, ‘सैराट’ 29 एप्रिलला लागला. आणखी एक लक्षात ठेव. निर्मात्यानं प्रवेशिका पाठवली नसेल तर चित्रपट परीक्षकांसमोर येतच नाही. ‘अमक्याला डावललं’ म्हणून भांडण्याआधी तो पाठवला होता का, एवढं विचारावं.

राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आपल्या ‘श्यामची आई’ला. यावर तरी दुमत नसावं!
— निवृत्त शिक्षिका, इंदूर

बाई, आहे.

1953 च्या चित्रपटांचे ते पहिलेच पुरस्कार. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला सुवर्णपदक मिळालं, आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. वनमालाबाईंची आई बघून मीही दर वेळी रडते. पण रडू साने गुरुजींचं किती आणि चित्रपटाचं किती, हा हिशेब करून बघा. संवाद बंद करून नुसती चित्रं बघितली तर ‘श्यामची आई’ अर्धी उरते.

‘दो बिघा जमीन’चे संकलक होते हृषीकेश मुखर्जी. कलकत्त्याच्या रस्त्यावर दोन हातरिक्षांची शर्यत लागते. बसलेला बाबू जादा पैशांची लालूच दाखवून ‘और तेज’ म्हणतो, बलराज साहनी जीव तोडून पळतात, चाक निखळतं. आवाज बंद करा, काही बिघडत नाही. माझं पदक त्या शर्यतीला. निषेधाची पत्रं संपादकांच्या नावे पाठवावीत, त्यांना ‘श्यामची आई’ तोंडपाठ आहे.