बचत गट वर्षभर सुरू आहे, तरी बँक पहिलं कर्ज देत नाही. काय तपासावं?

आधी वह्या उघडा. बँक पंचसूत्री बघते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या बचतीतून सदस्यांना दिलेलं), परतफेड आणि हिशेब, तेही किमान सहा महिन्यांचं. बहुतेक गट अडकतात ते अंतर्गत कर्जावर. बचत खात्यात नुसती पडून राहिली की प्रतवारीत गुण जातात. दवाखाना, बियाणं यांसाठी दोन-तीन हजारांची कर्जं द्या, वसुली बैठकीतच लिहा. महिनाअखेर एका दमात भरलेलं इतिवृत्त शाखाधिकारी शाईवरूनच ओळखतो! 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि गटाची बचतही त्यासाठी अडकवून ठेवता येत नाही. तरी कुणी ‘आधी मुदत ठेव करा’ म्हणालं, तर नकार लेखी मागा आणि ‘उमेद’च्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका कक्षात दाखवा.