डिसेंबरात स्वतःच्या गाडीने हिमालय: केदारकंठा यंदा राहू द्या, आईला घेऊन कौसानी-बिनसरला जा

तुमचा प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून चौघं, त्यात दोघं भाऊ आणि 62 वर्षांची आई, डिसेंबरात घरची गाडी घेऊन हिमालयात जायचंय. ट्रेकिंग कधी केलेलं नाही. केदारकंठा जमेल का, आणि रस्ता कोणता धरावा?

केदारकंठा हा उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक, तो यंदा नको. त्याचा माथा जवळपास 3,800 मीटरवर आहे. वाटेतल्या रात्री बर्फावर तंबूत काढायच्या, पहाटे अंधारात काठी टेकत चढायचं. तुम्ही दोघं भाऊ पुढच्या वर्षी तयारी करून खुशाल जा, पण आईला त्यात ओढू नका आणि तिला खालच्या खोलीत एकटी बसवूनही जाऊ नका. या खेपेला उत्तराखंडातल्याच कुमाऊँ भागात जा: अल्मोडा, बिनसर, कौसानी, जमलं तर जागेश्वर. ही सगळी ठिकाणं 2,500 मीटरच्या आत आहेत. विरळ हवेचा त्रास साधारण त्याच्या वर गेल्यावर सुरू होतो, त्यामुळे ती धास्ती इथे नाही. रस्तेही बर्फाने क्वचितच आणि थोड्या काळापुरतेच बंद होतात.

मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, बोर धरणाच्या बाजूचा. कापूस, सोयाबीन, तूर ही आमची शेती. दोनदा डिसेंबरात गाडीने तिकडे जाऊन आलो. पहिल्यांदा मित्रांसोबत, दुसऱ्यांदा बायको, मुलगी आणि 66 वर्षांच्या मायला घेऊन. खाली जे लिहितोय ते त्या दोन फेऱ्यांतून शिकलेलं आहे.

वेळ तुम्ही बरोबर निवडली. आपल्याकडचे बहुतेक लोक शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात जातात. तेव्हा तिकडे धुरकट असतं, चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना वणवे लागलेले असतात, आणि ज्या शिखरांसाठी एवढं अंतर तोडलं ती दिसतच नाहीत. थंडीत हवा धुतल्यासारखी असते. फक्त नाताळ ते एक तारीख हा आठवडा टाळा. तेव्हा नैनिताल-भवालीच्या बाजूला गाड्यांची रांग हलत नाही, आणि अल्मोड्याच्या वाटेवर कैंची धामला शनिवार-रविवारी तर एरवीही कोंडी असते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघा. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाचा एखादा वेचा झालेला असतो, पुढचा वेचा भावकीतलं कोणी बघू शकतं.

आता रस्ता. नागपूरहून 44 नंबरचा महामार्ग धरायचा. देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलात हा रस्ता पुलांवर चढवलाय आणि खालून वाघ-हरणांना वाट ठेवलीय, तिथे वेग कमी ठेवा आणि काच खाली करून जंगल बघत जा. सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, बरमानला नर्मदा, मग सागर. नागपूर ते सागर साधारण चारशे किलोमीटर. पहिला मुक्काम तिथेच करा, झाशी गाठायची हौस नको. दुसऱ्या दिवशी ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर, मुरैन्याच्या पुढे चंबळ ओलांडून आग्रा. तिसऱ्या दिवशी कासगंज, बदायूं, बरेलीवरून हल्द्वानी. चौथ्या दिवशी घाट चढून अल्मोडा. हल्द्वानीहून शंभराच्या आतच अंतर आहे, पण त्याला चार तास धरा.

लोकांना भीती डोंगराची वाटते. जीव मुठीत धरावा लागतो तो आग्र्याच्या पुढच्या सपाटीवर, धुक्यात. आपल्याकडचं धुकं नदीकाठी असतं आणि ऊन वर आलं की विरतं. तिकडचं धुकं गंगेच्या अख्ख्या मैदानावर पसरतं आणि डिसेंबर-जानेवारीत कधी कधी दुपारपर्यंत हलत नाही. त्यात ऊस गाळपाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही.

पहिल्या फेरीत आम्ही शहाणपणा केला आणि पहाटे चारला आग्रा सोडलं, लवकर पोचू म्हणून. कासगंजच्या पुढे समोरचं काहीच दिसेना. मित्र बॉनेटकडे डोळे लावून पांढरी पट्टी शोधत गाडी चालवत होता. एकदम उसाची हिरवी भिंत समोर आली. ब्रेक लागला, गाडी सरकत गेली आणि दोन हातांवर थांबली. पाच मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही. मग एका ढाब्यावर जाऊन आम्ही साडेनऊपर्यंत चुलीजवळ बसून राहिलो. तेव्हापासूनचा माझा नियम: सकाळी नऊच्या आधी गाडीची चावी हातात घ्यायची नाही आणि संध्याकाळी पाचला मुक्काम. धुक्यात सापडलातच तर दिव्याचा झोत खाली ठेवा. वर केला की धुक्यावर आपटून तोच उजेड डोळ्यांत येतो. आणि थांबायचं तर ढाब्यात किंवा पंपावर आत घेऊन थांबा. रस्त्याच्या कडेला उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण मागून येणाऱ्यालाही काही दिसत नसतं.

आईला चार दिवस गाडीत बसवणं जड वाटत असेल तर रेल्वेने दिल्ली, तिथून काठगोदामला रात्रीची गाडी, आणि पुढे भाड्याची टॅक्सी. तिथला ड्रायव्हर घाटात जन्मलेला असतो. मी स्वतः मायसाठी हाच मार्ग घेणार होतो, तिनेच ऐकलं नाही. तिला नर्मदा बघायची होती.

गाडी स्वतःचीच नेणार असाल तर आधी एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन या. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे, घाट वळणांचा आहे, आणि चालवणाऱ्याला तिथे गिअरची सवय होते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून लागेनासे होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरलेलं असेल तर इथेच काढून चांगलं कूलंट भरून घ्या, वर रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. बॅटरी जुनी असेल तर बदला. आणि सकाळी सावलीतल्या वळणांवर पाला असतो. पाला म्हणजे गोठलेलं दव, रस्ता फक्त ओला दिसतो आणि गाडी घसरते. ऊन पडल्यावरच निघा.

चालण्याचं बोलायचं तर बिनसर माझं सगळ्यात आवडतं. अल्मोड्याहून साधारण तीस किलोमीटर. अभयारण्याच्या नाक्यावर पैसे भरून गाडी आत वरपर्यंत जाते. विश्रामगृहापासून झिरो पॉइंटपर्यंत दोनेक किलोमीटरची जंगलातली पायवाट आहे, चढ इतका हळू की माय दोन ठिकाणी बसून आरामात पोचली. झिरो पॉइंट 2,412 मीटरवर आहे. तिथून केदारनाथच्या बाजूपासून नेपाळच्या बाजूपर्यंत बर्फाची रांग दिसते. मधोमध त्रिशूल, 7,120 मीटर, आणि त्याच्या उजवीकडे मागून डोकावणारी नंदादेवी, 7,816 मीटर.

शिखरांइतकंच त्या जंगलाकडे लक्ष द्या. खाली सगळा चीड, वर गेलं की बांज, म्हणजे तिकडचा ओक. चिडाखालची जमीन कोरडी, बांजाखालची ओली. गावकरी सांगतात की बांज असेल तिथे झरा आटत नाही. बांजाच्या मुळ्या आणि कुजलेला पाचोळा पाणी धरून ठेवतात. त्यांचे नौले, म्हणजे दगडाने बांधलेले पायऱ्यांचे छोटे झरे, अशाच ठिकाणी असतात. ज्याने मार्चपासून विहिरीच्या तळाकडे बघत दिवस काढलेत त्याला हे बघताना पोटातून काहीतरी वाटतं. मी तिथे अर्धा तास नुसता बसून होतो.

चिडाच्या सुया मात्र पायाखाली जपा. त्यांना तिकडे पिरूल म्हणतात. वाळल्या की उतारावर सांडलेल्या सोयाबीनसारख्या सरकतात. माझ्या मुलीची पहिली आपटी बर्फावर नाही, पिरूलवर पडली. हातात काठी हवीच, आणि बुटाचा तळ खाचांचा हवा. जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे. बोरच्या जंगलाच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो, अंधार पडण्याआधी परत या.

कौसानी 1,890 मीटर. तिथे मोठा ट्रेक करायची गरजच नाही. सकाळी चहाच्या मळ्याकडे, दुपारी गावाबाहेर चिडाच्या वाटेने, एखाद्या दिवशी खाली उतरून गोमतीकाठी बैजनाथला कत्यूरी राजांच्या काळातली दगडी मंदिरं. पण आम्हा वर्ध्याच्या लोकांसाठी कौसानीचं नातं वेगळं आहे. गांधीजी सेवाग्रामला आले 1936 साली. त्याच्या सात वर्षं आधी, 1929च्या जूनमध्ये, ते कौसानीला थांबले होते आणि गीतेच्या आपल्या अनुवादाची, ‘अनासक्तियोग’ची, प्रस्तावना त्यांनी तिथे लिहिली. ते घर आज अनासक्ती आश्रम आहे, राहायची साधी सोय होते आणि संध्याकाळी प्रार्थना असते. त्याच गावात लक्ष्मी आश्रम आहे, पहाडी मुलींसाठी 1946 साली सरलाबहनांनी काढलेला. त्या मूळच्या इंग्लंडच्या, कॅथरीन. आधी कितीतरी वर्षं सेवाग्रामलाच राहिल्या. आपलं ऊन आणि मलेरिया यांनी तब्येत ढासळली म्हणून त्या या पहाडात आल्या. सेवाग्रामच्या अंगणातली संध्याकाळची प्रार्थना माय लहानपणापासून ऐकत आलीय. अनासक्ती आश्रमात ती शाल गुंडाळून बसली, समोर त्रिशूल तांबूस होत चाललेला, आणि ओळखीच्या ओळी आल्यावर तिने पुटपुटत साथ दिली. घरापासून तेराशे किलोमीटरवर आहोत असं तेव्हा मला वाटलंच नाही.

एक दिवस जागेश्वरलाही द्या. देवदारांच्या गर्दीत शंभराहून जास्त लहानमोठी मंदिरं आहेत आणि दुपारी तीनलाच तिथे ऊन जातं, म्हणून सकाळीच पोचा.

बर्फात खेळायचा मुलांचा हट्ट असेल तर डिसेंबरात कुमाऊँच्या या उंचीवर त्याची खात्री नाही. बर्फ साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तोही पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं ढगाळ-पावसाळी हवामान, आला तर. आपल्या हरभऱ्यावर थंडीत जो अवकाळी पाऊस आणि गारा येतात, त्यामागेही बऱ्याचदा हाच असतो. तो येऊन गेला की दोन-तीन दिवस आकाश सगळ्यात स्वच्छ असतं. म्हणून कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवा. ढग असतील तर खोलीत थांबा, धावू नका. आमचे कौसानीतले पहिले दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पडदा सरकवला आणि बायकोने हाक मारून सगळ्यांना उठवलं.

कपड्यांबद्दल, आणि हे कापूस पिकवणारा सांगतोय: चालताना अंगाला सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही, आणि थांबलात की तेच अंग गारठवतं. आत पटकन वाळणारं सिंथेटिक, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. महागाचं काही लागत नाही. मोज्यांचे जोड जास्त घ्या, कानटोपी घ्या, आईसाठी गरम पाण्याची पिशवी घ्या. आणि हे लक्षात ठेवाच: बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपू नका. आपण शेकोटी पेटवतो ती उघड्यावर, पऱ्हाट्यांची. बंद खोलीतल्या सिगडीचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. थंडी वाजली तर आणखी एक रजई मागा.

तयारी आजपासून करा. आईला रोज सकाळी वावरापर्यंत आणि परत चालवा, दर आठवड्याला थोडं वाढवा. महिनाभरात चार-पाच किलोमीटर सहज झाले की बिनसर तिच्या आवाक्यात आलं. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून दुप्पट दिवसांच्या न्या.

जेवणात ‘भट्ट की चुडकानी’ मागा. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन. आपण एकरांवर एकर सोयाबीन पेरतो, पण पोत्यातून ते सरळ बाजार समितीत जातं, घरच्या पातेल्यात कधी पडत नाही. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याची लोखंडी कढईत दाट, काळीभोर भाजी करतात आणि भाताशी खातात. मायने त्या बाईला चुलीपाशी बसून सगळी रीत विचारली. आता आमच्याकडे थंडीत महिन्यातून एकदा होते.

आणि जाताना आंबिया बहाराची संत्री न्या. तिकडेही त्या दिवसांत मालटा पिकलेला असतो, पण त्याची साल अंगाला चिकटलेली, सुरीने कापावा लागतो. बायका उन्हात बसून त्याच्या फोडी मिठासोबत खातात. आम्ही एका घरासमोर पाणी मागायला थांबलो, मायने पिशवीतून संत्री काढून दिली, आणि त्यांनी मालटा कापून आमच्या हातावर ठेवला. पुढचे दोन तास आम्ही त्याच अंगणात होतो. आम्ही एक पेटी नेली होती, ती अल्मोड्यातच संपली. तुम्ही दोन न्या.