बाकाखालचा वजनकाटा

अनेक आशीर्वाद.

फिजिओ म्हणून बास्केटबॉलच्या पहिल्याच अजिंक्यपद स्पर्धेला निघाला आहेस, तीही मे महिन्यात, पत्र्याच्या छताच्या हॉलमध्ये. खेळाडूंच्या पायात गोळे आले तर बॅगेत कुठला स्प्रे असावा, असं विचारलंस. स्प्रे हवा तर ठेव, पण त्याआधी एक वजनकाटा घे, 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा.

2014 च्या एनबीए फायनल्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना काढून पुन्हा बघ. 5 जून, सॅन अँटोनिओ. विजेच्या बिघाडाने एटी अँड टी सेंटरचं एसी बंद पडलं आणि आतला पारा 32 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला. चौथ्या क्वार्टरमध्ये मायामी हीटच्या लेब्रॉन जेम्सने ले-अप टाकून, म्हणजे बास्केटजवळून चेंडू टाकून, यजमान सॅन अँटोनिओ स्पर्सची आघाडी 94-92 अशी दोनच गुणांवर आणली आणि तो जागीच थांबला. पाय उचलेना. जवळपास चार मिनिटं बाकी होती. तिथून पुढे स्पर्सने 16 गुण केले, मायामीने 3. सामना 110-95 असा संपला.

32 अंश ऐकून नागपूर-चंद्रपूरकडची पोरं हसतील. पण आकडा फसवा आहे. बंद हॉलमध्ये हजारो माणसांचा श्वास आणि घाम कोंडतो, हवा हलत नाही, दमटपणा वाढतो. अंग थंड होतं ते घाम वाळल्याने, नुसता गळल्याने नाही. हनुवटीवरून टपटप पडणारा घाम म्हणजे पाणी आणि मीठ गेलं, बदल्यात गारवा मिळाला नाही. शिवाय ती मंडळी अख्खा मोसम गार हॉलमध्ये खेळलेली. उष्ण हवेची सवय लागायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात. सवयीनंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तुझा संघ एसी हॉलमध्ये सराव करत असेल, तर निघण्याआधीचे दोन आठवडे रोज तासभर उकाड्यात खेळवायला प्रशिक्षकांना आत्ताच सांग.

आता खरा प्रश्न: त्याच हॉलमध्ये वीसेक जण खेळले, मग गोळ्याने एकालाच का बसवलं? गोळा का येतो याची दोन उत्तरं आहेत आणि तुला दोन्ही वापरायची आहेत. जुनं उत्तर पाणी आणि क्षारांचं. दुसरं उत्तर थकव्याचं: दमलेल्या स्नायूला आकुंचनाचे संदेश वाढतात, त्याला आवरणारे कमी पडतात आणि तो सुटतच नाही. आखडलेल्या अवस्थेत वारंवार काम करणारे स्नायू आधी सापडतात. पोटरी, मांडीची मागची बाजू.

म्हणून मला त्या सामन्यापेक्षा आधीचा मोसम महत्त्वाचा वाटतो. 2013-14 मध्ये स्पर्सचा एकही खेळाडू सामन्यामागे सरासरी 30 मिनिटं खेळला नव्हता. लेब्रॉनची सरासरी 37 च्या वर होती. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, कबूल. पण गोळ्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध बदली खेळाडू आहे, हे प्रशिक्षकांना पटवायला हा दाखला उपयोगी पडेल. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती माग. शेवटी मागितलीस तर कोणी देणार नाही.

काट्याचा वापर असा. निघण्याआधीच्या तीन सरावांत प्रत्येकाचं वजन सरावाआधी, लघवी करून आल्यावर, कमीत कमी कपड्यांत. नंतर अंग पुसून पुन्हा. समज, एकजण 72.0 किलोचा 70.8 झाला आणि मध्ये 900 मिली प्यायला. म्हणजे घाम 2.1 लिटर, दीड तासाचा सराव असेल तर तासाला 1.4 लिटर. वजनातली घट 1.7 टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे गेला की खेळ ढासळायला लागतो, तेव्हा हा काठावर आहे. शेजारचा तासाला 700 मिलीच घामेल. दोघांच्या हातात एकच बाटली देणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ.

मिठाचा हिशेब अंदाजानेच करावा लागतो. लिटरभर घामात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, काहींचं त्याहून जास्त. एक ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. ज्याच्या गडद जर्सीवर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात, घाम डोळ्यांत गेला की झोंबतो, तो तुझा खारट गडी. वरच्या 72 किलोवाल्याचं एका सामन्यात चमचाभर मीठ जाऊ शकतं, आणि स्पर्धेत दिवसाला दोन सामने असतात. नुसतं पाणी पाजत राहिलास तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. हे जिवावर बेततं. सामन्यानंतर कोणाचं वजन वाढलेलं दिसलं, तर त्याचं पाणी थांबव.

ओआरएसचं पाकीट वापर, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघ. तशीच दिसणारी गोड पेयं दुकानात शेजारीच ठेवलेली असतात. मोठं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात विरघळवायचं. पेल्याभर पाण्यात पाकीट ओतून पाजणारे अजून भेटतात, मग पोट बिघडतं आणि दोष ओआरएसला. लिटरमागे त्यात सुमारे 1.7 ग्रॅम सोडियम असतं, नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण अर्धा ग्रॅम. खारट गड्याला पहिलं, बाकीच्यांना दुसरं चालेल. केळं ऊर्जेसाठी द्यावं. गोळ्यावर त्याचा भरवसा धरू नये, घामात पोटॅशियम फारसं जातच नाही.

सामन्याच्या चार तास आधी किलोमागे 5 ते 7 मिली पाणी, म्हणजे आपल्या 72 किलोच्या गड्याला 350 ते 500 मिली. जेवण साधं: वरण-भात, लोणच्याची फोड, मीठ घातलेलं ताक. सामन्यात दर विश्रांतीला 150-200 मिली गार पेय. हाफटाइमची 15 मिनिटं मात्र दवडू नकोस. कोरडी जर्सी, मानेवर बर्फाचा टॉवेल, एक टेबलफॅन. प्रशिक्षकांचं बोलणं चालू असतानाच हे उरकायचं.

गोळा आलाच तर आखडलेला स्नायू ताणून धर. पोटरी असेल तर गुडघा सरळ, पंजा नडगीकडे. मांडीची मागची बाजू असेल तर उताणा झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय वर. हिसके नाहीत, 20-30 सेकंद स्थिर दाब, सुटेपर्यंत. ताणाने स्नायूबंधातून मज्जारज्जूकडे आवर घालणारा संदेश जातो, म्हणून हे काम करतं. जोरजोरात चोळण्याने तो पुन्हा चिडतो. काकडीच्या लोणच्याचं पाणी, किलोमागे 1 मिली, प्रयोगांत पाण्यापेक्षा लवकर गोळा सोडवतं. रक्तातले क्षार बदलायच्या आतच, बहुधा घशातल्या आंबट-खारट चटक्याने. हे मीठ-व्हिनेगरचं पाणी आहे, आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार नव्हे.

सुटला म्हणजे संपलं नाही. लेब्रॉन त्याच क्वार्टरमध्ये एकदा बाहेर येऊन पुन्हा आत गेला होता. आधी चालव, मग हळू धाव, मग त्याच पायावर उड्या. दुसरीकडे गोळा उठला तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला, कर्णधार असला तरी.

दोन गोष्टी गोळ्यासारख्या भासतात. विदर्भ किंवा नंदुरबारकडचा खेळाडू असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का, हे आधीच विचारून ठेव. वाहक असलेल्याला खेळताना त्रास झाला तर पाय दुखतात, गळून जातात, पण स्नायू हाताला दगडासारखा टणक लागत नाही. त्याला ताणत बसू नकोस. खेळ बंद, ऑक्सिजन, रुग्णालय. दुसरा उष्माघात: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, उगाच चिडणं. कपाळावरच्या थर्मामीटरवर विसंबू नकोस. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसव, सोबत एकाने धरून ठेवायचं. आधी थंड करायचं, मग रुग्णवाहिकेतून न्यायचं. त्यासाठी मोठा टब आणि बर्फ सकाळीच आणून ठेवावा लागतो.

सलाईनची मागणी होईलच. त्या रात्री सामन्यानंतर लेब्रॉनला सलाईन दिलं होतं, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमात 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त सलाईन निषिद्ध आहे. रुग्णालयातले उपचार वगैरे मोजके अपवाद. हॉटेलच्या खोलीत कोणी बाटली टांगत असेल तर तू उभा राहून नाही म्हण. गमावलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर तोंडाने, खारट जेवणासोबत, सावकाश. वरच्या गड्याचं 1.2 किलो गेलं, म्हणजे रात्रीपर्यंत दीड-पावणेदोन लिटर.

आणि काटा कडक फरशीवर ठेव. रबरी मॅटवर तो चुकीचं वजन दाखवतो.