बंदुकीचं लायसन आणि मनाचा आजार : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी पॅनिक अटॅकवर लिहिलं तेव्हा एका वाचकांनी विचारलं होतं की घरी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेलो तर लायसन जाईल का. तेव्हापासून तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय, आंबा बागायतदारांकडून, बँकेवर गार्ड असलेल्या माजी सैनिकांकडून, त्यांच्या बायकांकडून. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगते, तुमच्या केसचे कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : माझी काजूची बाग आहे, रानडुक्कर आणि माकडांसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वडिलांपासून आहे. वर्षभर छातीत धडधड, रात्री घाम, मरतोय की काय असं वाटतं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. फिजिशियननी तुमच्यासारख्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. गावात म्हणतात की तिकडे नाव लागलं की डॉक्टर कलेक्टर ऑफिसला कळवतात. खरं का?

उत्तर : नाही. माझ्या ओपीडीतून कुठल्याही पेशंटची यादी कलेक्टर ऑफिसला जात नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या कलम २३ मध्ये तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. त्याला अपवाद आहेत, मोजके आहेत आणि तेही सांगते, कारण अर्धवट सांगितलं की पुन्हा अफवा सुटतात. कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल, कोर्टाचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. काजूच्या बागेतल्या माणसाला धडधड होते हे त्यात कुठेच बसत नाही.

दुसरी गोष्ट. शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये, ज्याचं मन ठिकाणावर नाही अशा माणसाला परवाना देऊ नये आणि दिलेला काढून घेता येतो असं आहे. तेवढं एक वाक्य ऐकून लोक घाबरतात. पण २०१७ च्या कायद्याचं कलम ३ स्पष्ट सांगतं की नुसतं मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून तो माणूस वेडसर ठरत नाही, तसं सक्षम कोर्टाने ठरवावं लागतं. अँझायटी आणि वेडसरपणा एक नाही, हे आता कायदासुद्धा म्हणतो, तर पारावरच्या लोकांनीही म्हणायला हरकत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला इतर कारणांनी कुणी अयोग्य वाटला तर तो निर्णय घेऊ शकतो, त्यावर अपील असतं, म्हणून शंभर टक्के गॅरंटी मी देणार नाही. पण आजार अंगावर काढून तुम्ही परवाना वाचवताय हा हिशोबच चुकीचा आहे. या आठवड्यात या.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्यांनी हात थरथरतो का? नेम चुकेल ना?

उत्तर : थोडी थरथर काहींना होते, डोस बदलला की बहुतेकांची जाते, तोपर्यंत बंदूक हातात घेऊ नका आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मॅडम, माझे मिस्टर ५२ वर्षांचे. दोन वर्षं आंब्याचं पीक गेलं, कर्ज आहे. तीन महिने झाले धड जेवत नाहीत, पहाटे तीनला उठून पडवीत बसतात. परवा म्हणाले, मी नसलो तर तुमचं बरं चालेल. बंदूक माजघरात खुंटीला आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, लायसन जाईल. सासूबाई म्हणतात देवाला कौल लावू, सीझन संपला की बघू. काय करू?

उत्तर : वहिनी, सीझन संपायची वाट बघायची नाही. तुमचं पत्र वाचून हातातलं सगळं बाजूला ठेवलं. झोप पहाटे उडणं, जेवण तुटणं, आणि 'मी नसलो तर' हे वाक्य. हे बोलणं धमकी नसते आणि नाटकही नसतं, आत काय चाललंय त्याची ती वर्दी असते.

आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो अशी मोठी गैरसमजूत आहे. तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी हॉस्पिटलला किंवा आमच्यासारख्या कुणाकडे उद्या सकाळी नाही, आत्ता घेऊन या. गाडी नसेल, परिस्थिती हाताबाहेर वाटत असेल तर ११२. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. सासूबाईंना सांगा, गाऱ्हाणं जरूर घाला, पण गाडीत बसल्यावर घाला.

आता बंदूक. यावर मी थोडं लांबवर बोलणार आहे आणि बाकीच्यांनीही वाचा, कारण माझा जीव सगळ्यात जास्त इथेच अडकतो.

माणसाला जीव द्यावासा वाटतो तो क्षण दिवसभर सारखा राहत नाही. तो लाटेसारखा येतो, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास, आणि ओसरतो. त्या लाटेत हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. हाताशी काही नसेल तर ती वेळ निघून जाते आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण नंतर आत्महत्येने जात नाहीत, हे अनेक देशांत वर्षानुवर्षं बघितलं गेलंय. बंदुकीच्या बाबतीत दुसरी संधी जवळपास मिळतच नाही. आपल्याकडे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या फाशी आणि कीटकनाशकाच्या मानाने फार कमी आहेत हे मला माहीत आहे, पण ज्या घरात बंदूक आहे त्या घराला त्या आकड्याचा काय उपयोग? इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर न्यायचे. २००६ मध्ये ठरवलं की रायफल युनिटमध्येच ठेवायची. सैनिक तेच, त्यांचं दुःख तेच, आणि तरी आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्या, त्याही मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तेव्हाही असंच झालं. म्हणून मी घरच्यांना गोळ्यांच्या आधी विचारते, बंदूक कुठे आहे, आणि फवारणीचं औषध कुठे आहे. तुमच्या घरात दोन्ही असणार, बागायतदाराचं घर आहे.

मार्ग तुम्हाला ठाऊक असलेलाच आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस स्टेशनला जमा होतात ना? पावती मिळते, निकाल लागला की बंदूक परत येते, कुणाची अब्रू जात नाही, कुणी विचारत नाही काय झालं. तसंच हे. आजाराची आचारसंहिता लागली असं समजा, काही महिन्यांची. ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे आधी फोन करून विचारा की स्वखुशीने तात्पुरती जमा करायची तर काय कागद लागतात, आणि पावती नीट जपून ठेवा. हे मिस्टरांनी स्वतः केलं तर सगळ्यात चांगलं, मी तसं त्यांना समजावू शकते, पेशंट डॉक्टरांचं ऐकतात, घरच्यांचं ऐकत नाहीत. तुम्ही एकट्या बंदूक काढायला जाऊ नका, भरलेली असू शकते. पोलीस पाटलांशी बोला, ते गावातलेच असतात.

जमा व्हायला दोन दिवस लागणार असतील तर तोवर बंदुकीची दारू, केपा, छर्रे एका जागी आणि बंदूक दुसऱ्या जागी कुलपात, आणि किल्ल्या त्यांच्याकडे नाहीत. माझ्या एका पेशंटच्या बायकोने किल्ली मंगळसूत्राच्या वाटीजवळ सेफ्टीपिनला अडकवली होती. पहिल्या फॉलोअपला ती समोर बसून सारखी ती किल्ली चाचपत होती, पाचव्या फॉलोअपला तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, आता यांना देऊ का. मी म्हटलं, आणखी एक महिना थांब. औषध सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडेही जपायचे असतात, कधीकधी मन उभारी धरायच्या आधी अंगात हालचाल येते, किंवा नुसती बेचैनी वाढते. डिप्रेशनच्या गोळीला परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्या मधल्या काळात घर बंदुकीपासून मोकळं हवं.

प्रश्न : बंदूक पोलिसांत न देता भावाकडे ठेवली तर चालेल का? त्याच्याकडे लायसन नाही.

उत्तर : नाही. विनापरवाना माणसाकडे बंदूक ठेवायला देणं म्हणजे त्यालाही केसमध्ये ओढणं.

प्रश्न : लायसनसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागतं. एजंट म्हणतो, पैसे द्या, डॉक्टरकडे जायची गरज नाही, सही-शिक्का घरपोच. दोन वर्षं डिप्रेशनची औषधं चालू आहेत, हे कुठे कळू नये म्हणून तेच बरं वाटतं.

उत्तर : अजिबात नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत हे सर्टिफिकेट आणलं ते माणूस शरीराने आणि मनाने ठीक आहे का, दारू किंवा नशेच्या आहारी नाही ना, हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं म्हणून. न बघता सही करणारा डॉक्टर आणि ती विकणारा एजंट, दोघेही तुमच्या जिवावर धंदा करतायत. आणि तुम्ही ज्या भीतीने हे करताय तीच त्याने खरी होईल, कारण शस्त्र कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय की महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची देऊन परवाना मिळवला असेल तर तो रद्द करता येतो. म्हणजे औषध घेतल्याने जो परवाना बहुधा गेला नसता तो लपवल्याने जाईल.

सरळ रस्ता असा की जे डॉक्टर तुमच्यावर दोन वर्षं उपचार करतायत त्यांनाच विचारा. आजार आटोक्यात आहे, औषध नियमित आहे, जिवाचा विचार नाही, नशा नाही, असं असेल तर तसं लेखी देता येतं. नसेल तर ते देणार नाहीत, आणि मग परवान्याची घाई कशाला? २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झालाय, सहा महिने उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : मी निवृत्त नायक, आता बँकेवर गार्ड, स्वतःची बारा बोर. झोपेत जुनं दिसतं, दचकून उठतो, चिडचिड फार. एजन्सीला कळलं तर नोकरी जाईल. लायसन रिन्यूअल दीड वर्षाने आहे, तोपर्यंत ढकलू का?

उत्तर : साहेब, ढकलू नका. तुम्ही लिहिलंय ते नुसतं डिप्रेशन असेल किंवा आघातानंतरचा ताण असेल, तपासल्याशिवाय मी नाव देणार नाही, पण दोन्हींवर उपचार आहेत. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या, फौजेतल्या माणसाची झोप काय असते हे तिथल्यांना समजावून सांगावं लागत नाही.

नोकरीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ती खरी आहे, घर त्यावर चालतं. पण एजन्सीला निदान सांगायची गरज नसते, काही आठवड्यांची रजा किंवा बिनहत्यारी ड्युटी, सीसीटीव्ही रूमची म्हणा, गेटची म्हणा, एवढं मागण्यापुरतं पत्र मी पेशंटला देते आणि त्यात आजाराचं नाव लिहीत नाही. न झोपलेला, दचकणारा माणूस भरलेल्या बंदुकीसह गर्दीत दिवसभर उभा राहणं हे तुम्ही तुमच्या सेक्शनमधल्या जवानाला करू दिलं असतं का? दीड वर्षाने उपचार घेऊन बरा झालेला माणूस म्हणून रिन्यूअलला जाणं आणि दीड वर्ष कुढत राहून जाणं, यातलं कुठलं बरं दिसेल ते तुम्हीच ठरवा. आणि संध्याकाळचा पेग किती झालाय तेही डॉक्टरांना खरं सांगा.

प्रश्न : मुलगा टेक्सासला आहे, ग्रीन कार्ड आहे, घरात पिस्तूल आहे. डिप्रेशनसाठी थेरपी घेतली तर तिथे बंदूक काढून घेतात का?

उत्तर : तिथल्या केंद्रीय कायद्यात कोर्टाने किंवा तशा अधिकाऱ्याने ठरवलेली मानसिक अवस्था आणि हॉस्पिटलमध्ये सक्तीने केलेली भरती मोजतात, स्वतःहून घेतलेली थेरपी किंवा गोळ्या त्यात येत नाहीत, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत म्हणून तिथल्या वकिलाला विचारू दे. रात्री-अपरात्री वाईट वाटलं तर तिथल्या हेल्पलाइनचा नंबर ९८८. पिस्तूल काही दिवस घराबाहेर ठेवायला तुम्हीच सांगा, आईबापाचं ऐकेल.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की आयुष्यभर?

उत्तर : नाही. मनाने बंद मात्र करू नका.

प्रश्न : तुमच्याकडे यायची लाज वाटते. मेडिकलवाला ओळखीचा आहे, तो अल्प्राझोलम देतो, रात्री अर्धी घेतो, वर दोन पेग. झोप लागते. बंदूक कपाटात असते. असं चाललं तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. ही गोळी चिठ्ठीशिवाय देणं बेकायदेशीर आहे, तिची सवय लागते, आणि दारूबरोबर ती श्वास मंद करते, माणूस झोपेतच जाऊ शकतो. शिवाय दोन्ही मिळून डोक्याचा ब्रेक काढून टाकतात आणि त्याच खोलीत कपाटात बंदूक आहे, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हालाही खटकलं असणार, नाहीतर बंदुकीचा उल्लेख केला नसतात. रोजची गोळी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात, ती हळूहळू कमी करायची असते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दारू आजपासून गोळीबरोबर नको, पण रोजची असेल तर ती कशी सोडायची तेही विचारूनच. लाज वाटत असेल तर तालुक्याच्या गावात येऊ नका, जिल्ह्याला या, सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. येताना गोळीची स्ट्रिप घेऊन या, आणि त्याआधी कपाटाची किल्ली घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या.