रेलिब टाकलं, तरी प्रोग्राम चालेना

प्रश्न: सर, मी फर्स्ट इयर इंजिनीअरिंगला आहे. कॉलेजात टर्बो सी++ वर सर्कल, लाइन काढायला शिकवतात, ते घरी विंडोज ११ वर करायचं होतं. एमएसवायएस२ (विंडोजवर असली टूल्स टाकून देणारं सॉफ्टवेअर) मधून जीसीसी हा सी चा कंपाइलर आणि रेलिब ही ग्राफिक्सची लायब्ररी टाकली, कोड लिहायला व्हीएस कोड घेतलं. आधी ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ येत होतं, मित्राने पाथ (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी) सेट करून दिला. आता ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू इनिटविंडो’ येतंय. सगळं काढून परत टाकलं तरी तेच.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: आता परत काही काढू नकोस, तुझं इन्स्टॉलेशन व्यवस्थित झालंय आणि हे तुझ्या एररवरूनच कळतं. रेलिब सापडलं नसतं तर ‘रेलिब डॉट एच: नो सच फाइल’ म्हणत कंपाइलर तिथेच अडला असता. तुझ्याकडे कंपाइलरचं काम झालं, तुझ्या कोडची मशीनच्या भाषेतली ऑब्जेक्ट फाइल बनली, मग सगळे तुकडे जोडणारा लिंकर आला आणि त्याला इनिटविंडो या रेलिबच्या फंक्शनचा खरा कोड कुठे मिळेना. हेडरमध्ये, म्हणजे रेलिब डॉट एच सारख्या फाइलमध्ये, फंक्शनची नुसती ओळख असते, फंक्शन स्वतः लायब्ररीत असतं, आणि वर हेडरचं इन्क्लूड लिहिलं म्हणजे लायब्ररी जोडली गेली असं होत नाही, ते वेगळं सांगावं लागतं.

टर्मिनलमध्ये लिही जीसीसी, मग तुझी डॉट सी फाइल, डॅश ओ आणि एक्झीचं (तयार होणाऱ्या प्रोग्रामचं) नाव, आणि शेवटी डॅश एल ला चिकटून रेलिब, मग तसंच प्रत्येकाला वेगळं डॅश एल लावून ओपनजीएल३२, जीडीआय३२ आणि विनएमएम या रेलिबला लागणाऱ्या विंडोजच्या लायब्रऱ्या. लायब्रऱ्या फाइलच्या नंतरच, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे बघत जातो आणि आधी आलेल्या लायब्ररीतून त्याला त्या क्षणी काहीच नको असतं. व्हीएस कोडचं रनचं बटण दाबत असशील तर तेही बघ, ते फक्त उघडी फाइल कंपाइल करतं, डॅश एल वगैरे टास्क्स डॉट जेसन या त्याच्या सेटिंगच्या फाइलमधे स्वतः घालावं लागतं.

पहिली, ‘नॉट रेकग्नाइज्ड’ वाली एरर ना कंपाइलरची होती ना लिंकरची, विंडोजलाच जीसीसी दिसत नव्हता. पाथमध्ये सी ड्राइव्हच्या एमएसवायएस६४ मधलं यूसीआरटी६४ चं बिन फोल्डर हवं, आणि रेलिबचं पॅकेजही यूसीआरटी६४ चंच हवं, मिंगडब्ल्यू६४ चं चालणार नाही; हे दोन्ही एमएसवायएस२ मधले वेगवेगळे संच आहेत.

टर्बोबद्दल मला खरंच वाईट वाटतं. तो १९९० चा डॉसवरचा कंपाइलर, सी++ चं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ ला. सर्कल, लाइन काढायचं त्यातलं ग्राफिक्स डॉट एच हे टर्बो बनवणाऱ्या बोरलँड कंपनीच्या स्वतःच्या लायब्ररीचं हेडर, ती लायब्ररी कंपाइलरसोबतच यायची, त्यामुळे लायब्ररी बाहेरून आणून जोडायची कशी हे पोरांना शिकायलाच मिळत नाही आणि घरी आल्यावर पोरं स्वतःला दोष देत बसतात. लॅबमध्ये जीसीसी मागा, फुकट आहे. रेलिब तर २०१३ साली विद्यार्थ्यांना शिकवायलाच बनवलं गेलं, तू बरोबर निवडलंस.

आणि एक्झी मित्राला दिलीस की त्याच्याकडे डीएलएल (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या लायब्ररीच्या फाइली) नाहीत म्हणून एरर येईल. ज्यांची नावं येतील त्या डीएलएल तुझ्या यूसीआरटी६४ च्या बिन फोल्डरमधून उचलून एक्झीशेजारी ठेव.