मामा तलाव कोणाचा?

प्रश्न : रामटेक तालुक्यातील आमच्या गावात मालगुजाराने, म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने, बांधलेला जुना तलाव आहे. खासगी मालकीचा हा तलाव सरकारकडे कसा गेला आणि आज त्याचा उपयोग काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पूर्व विदर्भातील असे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव मालगुजारांनी आणि पाण्याची उत्तम जाण असलेल्या कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी मुख्यतः धानासाठी बांधले. जमिनीचा उतार पाहून मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, आणि रोवणीच्या (धान लावणीच्या) सुमारास पावसाने ओढ दिली की पाटाने सोडलेले पाणी एका बांधीतून (धानाच्या खाचरातून) दुसऱ्या बांधीत उतरत जाऊन पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, वाचवायचे, अशी ही साधी पण विलक्षण नेमकी व्यवस्था होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून हे तलाव शासनाकडे आले. मालकी बदलली, पण दर उन्हाळ्यात गाळ काढून पाळीवर माती टाकणारे हात उरले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही तुमचा तलाव आजही विहिरींची पातळी टिकवतो, गुरांना पाणी देतो, ढिवर बांधवांना मासेमारी देतो. ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव जरूर मांडा. तो गाळ शेतात टाकता येतो. पाळीवरची बेशरमाची झुडपे मात्र आधी मुळासकट काढा.